शिंगांचे फुगे आणि पूजेचा हार

मी एक जुनी काचेची बरणी आहे. लोणच्याची नव्हे, मित्रांनो. तसं कुणी म्हटलं की मला फार राग येतो. मी श्वास शिकवणारी बरणी आहे. माझा आकार देवळातल्या घंटेसारखा आहे. वरच्या बुचातून एक नळी आत येते आणि तिला दोन फाटे फुटतात. त्या फाट्यांना दोन फुगे बांधलेले आहेत, ती माझी फुप्फुसं. बुडाला रबराचा पडदा ताणून बसवला आहे. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात, सोडला की बसतात. माणसाची छाती अशीच चालते.

आजकाल म्हणे श्वासाच्या उपचारांची कॉलेजात वेगळी पदवी मिळते. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला आमच्या नगरात तसं काही नव्हतं. परिचारिका व्हायला आलेल्या मुलीच हा विषय शिकायच्या, आणि त्याची सुरुवात माझ्यापासून व्हायची. मी पुण्याच्या एका कारखान्यात फुंकून तयार झाले, कडब्यात गुंडाळून नगरला आले आणि इस्पितळातल्या वर्गात स्थिरावले. रत्नप्रभा सिस्टर मला टेबलावर ठेवायच्या तेव्हा सगळा वर्ग माना उंच करून बघायचा. ते दिवस आठवले की अजूनही माझी काच जरा जास्त चमकते, असं मला वाटतं.

त्या वर्गात घोडेगावची पुष्पावती होती. तिचे वडील कारभारी बैलांच्या बाजारात सौदे जुळवून द्यायचे. मुलीनं शिकावं असं त्यांना वाटायचं, पण भावकीचा सूर वेगळा होता. 'एकदा जरी नापास झाली तरी परत आना,' असं ठरवूनच तिला पाठवलं होतं. पुस्तकातले इंग्रजी शब्द तिच्या डोक्यावरून जायचे. वर्ग सुटला की ती माझ्यापाशी बसायची आणि पडदा ओढत, सोडत एकेक शब्द घोकायची. मित्रांनो, माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केली नाही.

परीक्षा जवळ आली आणि माझे दोन्ही फुगे चिरले. तेवढ्यात कारभारी मुलीला भेटायला आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक लाल आणि एक हिरवा फुगा काढला.

"बैलांच्या शिंगांला बांधायचे हाईत. चालतील का बघ."

सिस्टर हसल्या, पण फुगे बांधले. मुलींनी मला 'पोळ्याची बरणी' हे नाव ठेवलं. मी ते मुकाट्यानं गिळलं. खरी अडचण पुढे आली. पडदा ओढला की लाल फुगा फुगायचा आणि हिरवा नुसता लोंबत राहायचा. सगळ्यांनी फुग्याला दोष दिला. कारभाऱ्यांनी खिशातून दुसरा हिरवा फुगा दिला, तोही फुगेना. पुष्पावतीनं मात्र नळी सोडवली आणि तिच्या तोंडाशी डोळा लावून पाहिलं. हिरव्या फुग्याच्या फाट्यात जोंधळ्याचा दाणा अडकला होता. कारभाऱ्यांच्या खिशातून तो फुग्याबरोबर आला असणार. दाणा निघाला आणि माझं हिरवं फुप्फुस टम्म फुगलं.

"नीट लक्षात ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "श्वास अडला की आधी हवेची वाट तपासायची. हवा आत शिरते ते तोंड मोकळं आहे का, ते बघायचं. बाकी सगळं मागून."

पुष्पावती ती परीक्षा पास झाली. मला वाटलं, आता माझं स्थान कुणी हलवत नाही. पण नव्याची नवलाई कुणाला चुकली आहे!

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पाऊस झाला, त्या वर्षी इस्पितळात श्वासाचं यंत्र आलं. हिरव्या रंगाची पेटी, चाकांचा गाडा, वर लुकलुकणारा दिवा आणि बाजूला हवा ओढणारी जाळी. त्याला माझ्याच वर्गात, माझ्या कपाटासमोर आणून उभं केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते स्वतः श्वास घ्यायचं आणि माणसाच्या छातीत भरायचं. माझा पडदा तर दुसऱ्यानं ओढावा लागतो. डॉक्टर त्याच्याभोवती फिरायचे, मुली त्याची बटणं पाठ करायच्या. सगळ्यात जास्त पोटात कधी दुखलं सांगू? पुष्पावतीनं आपल्या रुमालानं त्याची धूळ पुसली तेव्हा. माझ्या खांद्यावर बोटभर धूळ होती, ती तिला दिसली नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपापल्या हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वॉर्डातल्या भीमामावशींनी कात्र्या, चिमटे, वाफेची भांडी सगळं मांडलं. यंत्राला झेंडूचा हा एवढा जाड हार घातला. तो माथ्यावरून निघून बाजूच्या जाळीवर लोंबत होता. माझी पाळी आली तेव्हा मावशी म्हणाल्या, "काचंला कशाला कुकू? पुन्यांदा पुसाया मलाच लागतंय." मला एक पाकळीसुद्धा मिळाली नाही. मी मनात म्हटलं, बंद पडो मेलं ते यंत्र.

माझं बोलणं इतक्या लवकर खरं होईल, असं मला वाटलं नव्हतं.

दुपारी नेवाशाकडच्या सहादेवला आणलं. शेतात मण्यार चावली होती. पापण्या मिटल्या होत्या आणि छाती हलत नव्हती. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि सिस्टर रबरी पिशवी हातानं दाबून त्याला श्वास देऊ लागल्या. सापावरचं इंजेक्शन दिलं होतं, पण छाती आपली आपण चालायला वेळ लागणार होता, आणि हात किती वेळ पुरणार? यंत्र धावत नेलं. वर्गाचं दार उघडंच राहिलं, त्यामुळे मला समोरच्या वॉर्डातली त्याची खाट दिसत होती. हार तसाच होता. पूजेचा हार त्याच दिवशी काढायचा नसतो, म्हणून तो कुणी काढला नाही. सहादेवची बायको छबूबाई त्या हाराकडे बघून हात जोडत होती.

यंत्र सुरू केलं. दिवा लागला, घरघर झाली. सहादेवची छाती मात्र वर आली नाही.

खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं. मग मी त्या छातीकडे पाहिलं. ती माझ्या हिरव्या फुग्यासारखी पडून होती. माझा आनंद घशात अडकला. घसा म्हणजे माझ्याकडे ती एक नळीच आहे. सिस्टरांनी पुन्हा पिशवी जोडली. कुणी वीज कमी येतेय म्हणालं, कुणी यंत्रच खोटं निघालं म्हणालं. डॉक्टर मागची झाकणं उघडू लागले. सिस्टरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

पुष्पावती एकदम पुढे झाली आणि खाली वाकली. हवा ओढणारी जाळी तिनं पाहिली. ओल्या झेंडूचा थर जाळीला घट्ट चिकटून बसला होता. यंत्र हवेच्या जागी तो हारच ओढत होतं.

तिनं हाराला हात घातला तशा मावशी ओरडल्या, "अगं, पूजेचा हार हाय! आज न्हाई काढायचा! त्या बाईचं कुकू हाय खाटंवर!"

पुष्पावतीचा हात थबकला. तिनं छबूबाईकडे पाहिलं. छबूबाईनं एकदा हाराकडे, एकदा नवऱ्याच्या छातीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "वढ, बाई. देवाला मी सांगते काय सांगायचं ते."

हार ओढला, जाळी पुसली, यंत्र जोडलं. सहादेवची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. मी काचेची असूनही त्या क्षणी कुणीतरी माझा पडदा ओढल्यासारखं झालं मला. मीच शिकवलं होतं तिला ते! पण हे कुणाला सांगू? सगळे यंत्राचीच पाठ थोपटत होते.

सहादेव बरा झाला आणि स्वतःच्या पायांनी घरी निघाला. जाताना छबूबाई नारळ घेऊन यंत्राकडे आली. मी तोंड फिरवलं असतं, पण मला ते जमत नाही.

"त्याच्याम्होरं नगं, छबूबाई," पुष्पावती म्हणाली. तिनं मला कपाटातून काढलं आणि पदरानं माझी धूळ पुसली. "हिच्याम्होरं ठिवा. हवेची वाट आधी तपासायची, हे मी हिच्यापाशी शिकले."

"ही? ही तर बरनी हाय. आन् बैलाचे फुगे!" छबूबाई हसली. मग तिनं नारळ ठेवला आणि अंबाड्यातलं झेंडूचं फूल काढलं. ते माझ्या बुचावर ठेवायला तिचा हात वर गेला, तिथं नळीचं तोंड आहे. ती थांबली. तिनं फूल खाली, माझ्या बुडाशी ठेवलं.

त्याला खूप वर्षं झाली. पुष्पावती इथेच सिस्टर झाली आणि निवृत्तही झाली. ते यंत्र गंजून भंगारात गेलं. त्याचं मला वाईट वाटलं, हे मी कुणाला कळू दिलं नाही. आता समोर आकडे दाखवणाऱ्या पडद्यांची नवी यंत्रं आहेत आणि माझा जळफळाट पहिल्यासारखाच चालू आहे.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला हार घाला, ओवाळा, पण आधी त्याचं तोंड मोकळं आहे ना, ते बघा. आणि कधी या वर्गात आलात, तर माझ्या बुडाचं वाळलेलं रबर बदला आणि एकदा हलकेच खाली ओढा. इतकी वर्षं मी सगळ्यांना श्वास शिकवला. एक मलाही घेऊ द्या.