दोन टोकांचा फोटो

मोहितने चुलीतली राख सुपात घेतली आणि अंगणात अर्धगोल आखायला लागला. कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधलेली दोरी ताणून धरत तो वाकून फिरत होता.

"फोटू काढाय आलायस का रांगोळी?" त्याच्या आजीने, लंकाबाईने, ओट्यावरून विचारलं.

"या रेषेवर उभं राहायचं, आजी. सरळ रांगेत कडेची माणसं अंगठ्याएवढी येतात. अशी कमान केली की फोटोत सगळी एका ओळीत दिसतात."

वारूळवाडीत त्याचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता. ढिगाने फोटो काढायचे आणि एकही लक्षात राहायचा नाही, याचा वीट येऊन त्याने हा जुना रुंद कॅमेरा घेतला होता. बॅटरी नाही, स्क्रीन नाही. आत रोल, आणि बटण दाबलं की भिंग स्प्रिंगवर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरायचं. त्याच्या रुंदीचं कौतुक ऐकूनच लंकाबाईने त्याला घाटघरला बोलावून घेतलं होतं. तिला दोन्ही मुलगे एका फोटोत हवे होते, डोळे मिटायच्या आत.

थोरला जानकू आणि धाकटा गोरख बापाच्या दहाव्यापासून बोलत नव्हते. कुकडी नदीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा जानकू चारचौघांत बोलून गेला होता, "ह्या गोरखमुळंच म्हातारा आडलाय." शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. ते बोलणं गोरखच्या काळजात रुतलं ते रुतलंच. पुढे किती जणांनी समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

फोटोला मात्र दोघे कबूल झाले. अट एकच, शेजारी उभं करायचं नाही. मोहितला हायसं वाटलं. या कॅमेऱ्याला ते अवघड नव्हतं. जानकूमामा उजव्या टोकाला, गोरखमामा डाव्या. मधोमध आजी, तिच्या दोन्ही बाजूंना सुना आणि नातवंडं.

सगळे राखेवर उभे राहिले आणि मोहितच्या चूक लक्षात आली. फोटोत दोघे एकमेकांपासून सर्वांत लांब येणार होते, पण इथे अंगणात, कमानीच्या टोकांना, अगदी समोरासमोर उभे होते. मध्ये फक्त स्टँड. गोरखने नजर जमिनीला लावली, जानकू डोंगराकडे बघत राहिला. आता एखादा तरी निघून जाणार, असं मोहितला वाटलं.

"मामा, कॅमेऱ्याकडं बघा," तो घाईने म्हणाला. "भिंग फिरून थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही."

दोघांनी मान वर केली. गोरखने कितीतरी दिवसांनी भावाला नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती, बापाची शेवटी आली होती तशी. त्याला कसंसंच झालं.

मोहितने बटण दाबलं. भिंग घरघरत निघालं.

"दादा, गुंडी," गोरख म्हणाला.

जानकूचा हात गळ्याशी गेला. सदऱ्याची वरची गुंडी उघडी होती. काज सापडेना.

"लागली का?"

"लागली."

भिंग फिरून उजवीकडे थांबलं.

"जानकूमामा, तुमचा हात हलला," मोहित म्हणाला. "पुसट येईल. परत घेऊ."

लंकाबाईने मान वळवली नव्हती. हलायचं नाही असं सांगितलं होतं ना. तशीच समोर बघत, भरल्या डोळ्यांनी ती म्हणाली,

"नगं. हललाय तसाच येऊ दे."