‘पाय’ म्हणजे मी नव्हे

मी एक डावा बूट बोलतोय. फुटबॉलचा. उजवा कुठे गेला, हे एवढ्यात विचारू नका. जोडीतल्या एकट्या बुटाकडे लोक ज्या नजरेनं बघतात, ती कीव मला मुळीच नको आहे. मी नाव कमावलेला बूट आहे. आता भिलाईच्या एका सेक्टरमधल्या मैदानात, सामान ठेवायच्या खोलीत, चुन्याच्या पोत्यावर पडून असतो. मैदानावर रेषा आखायच्या असल्या की पोरं मला पोत्यात खुपसतात आणि चुना भरून बाहेर काढतात. नशिबानं एखाद्याला चुना लावावा, तर तो असा.

माझा जन्म जालंधरकडच्या एका कारखान्यात झाला. काळं मऊ चामडं, पक्की शिलाई, तळाला फिरवून बसवायचे स्टड. मी आणि माझा उजवा भाऊ एकाच खोक्यात उलटसुलट झोपून कोलकात्याच्या एका दुकानात पोहोचलो. तिथे एके दिवशी एक सडपातळ, सावळा तरुण आला. दुकानदारानं त्याच्यापुढे उजवा बूट धरला. तो म्हणाला, “पहले लेफ्ट दिखाओ.” तिथेच मी त्याचा झालो. भाऊ जरा फुरंगटला, पण त्याला इलाज नव्हता.

तो तरुण म्हणजे राजकुमार. भिलाईचा. त्याचे वडील नत्थू गोंदियाकडच्या खेड्यातून पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. राजकुमार टाउनशिपच्या मैदानावर खेळून मोठा झाला आणि कोलकात्याच्या एका क्लबानं त्याला करार देऊन नेलं. आम्ही त्याच्या पहिल्या पगाराची खरेदी. सरावाला तो दुसरे जोड झिजवायचा. आम्हाला फक्त मॅचच्या दिवशी बाहेर काढायचा. चिखलातून आलो की आमच्या पोटात वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवायचा. मॅच जिंकली तर उशाशी, हरली तर खाटेखाली. माणसं हरल्याचा राग असा बुटांवर काढतात, हे मला तेव्हाच कळलं.

तो डाव्या बाजूनं खेळायचा. मध्ये एक वर्ष गोव्याच्या क्लबातही गेला. तिथली तांबडी माती माझ्या शिवणीत अजून सापडेल. सगळीकडे लोक म्हणत, याच्या डाव्या पायात जादू आहे. मी फुगून जायचो. खरं म्हणजे जादू त्याच्या मानेत होती. बॉल पायाशी यायच्या आधीच त्याची मान वर व्हायची. कोण कुठे मोकळा आहे, मागून कोण धावून येतंय, हे तो एका नजरेत टिपायचा. बॉल आला की विचार करायचं काही शिल्लकच नसायचं.

ही मान त्याला वडिलांनी दिली होती. नत्थू कारखान्यात ज्या शेडमध्ये काम करत, तिथे डोक्यावरून क्रेन वितळलेलं लोखंड घेऊन जायची. क्रेन आली की गोंदिया-भंडाऱ्याकडची ही माणसं एकमेकांना ओरडून सांगायची, “पाय! पाय!” तुम्ही पुण्याकडचे असाल तर म्हणाल, पायाला काय झालं? तर पायाला काही झालेलं नसायचं. तिकडे ‘पाहा’चं ‘पाय’ होतं. पाय म्हणजे बघ. वर बघ, जीव सांभाळ. पोरगा मैदानावर खेळायला लागला तेव्हा ड्युटीवरून येताना नत्थू सायकल उभी करून तेच ओरडत, “पाय बाबू, पाय!” आणि बाबूची मान वर व्हायची.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. मी पंजाबात जन्मलेला, बंगालमध्ये वाढलेला. पाय म्हणजे ज्यात मी असतो तो, एवढंच मराठी मला येत होतं.

मग नत्थू पहिल्यांदाच मुलाची मॅच बघायला आले. रजा काढून, दुर्गहून हावड्याच्या गाडीत बसून, बायकोनं, तुळसाबाईंनी, दिलेला अनारशांचा डबा मांडीवर घेऊन. मॅचच्या सकाळी त्यांनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि माझी पुढची शिवण उसवलेली त्यांना दिसली. माझं तोंड जरा उघडं पडलं होतं, हे मी नाकारत नाही.

“राजकुमार, हा बूट तोंड वासून राहिला ना बे. पळता पळता अडकन, तोंडावर पडशीन.”

“काई नाई होत बाबा.”

“कावून नाई होत? आन इकडे.” आणि ते स्वतः मला घेऊन रस्त्यावरच्या चर्मकाराकडे गेले, समोर बसून टाके घालून घेतले. तरी मैदानात उतरताना त्यांनी पोराला पुन्हा बजावलंच, “पायाकडे ध्यान ठेवजो.”

मॅच रंगात आली होती. गॅलरीत सगळा बंगाली कल्लोळ आणि त्यात रेलिंगला धरून उभा असलेला एकटा मराठी म्हातारा. उंच उडालेला बॉल आमच्याकडे येत होता. पाठीमागून समोरच्या संघाचा दांडगा बॅक सुसाट येत होता. राजकुमारला तो दिसला नव्हता; नत्थूंना दिसला. त्यांनी सगळा जीव गळ्यात आणून हाक दिली, “पाय! बाबू, पाय!”

आणि राजकुमारनं खाली पाहिलं. माझ्याकडे.

त्या एका क्षणात मीही खूश झालो होतो. वाटलं, एवढ्या गर्दीत माझं नाव घेतलं कुणीतरी. मग धडक बसली. राजकुमारच्या गुडघ्यातून जो आवाज आला तो मला सांगवत नाही.

ऑपरेशननंतर गुंगीत असताना तो वडिलांना म्हणाला, “बाबा, बुटाले तं काईच झालं नवतं.” एवढंच. पलंगाखालून मला नत्थूंचा चेहरा दिसत होता. एकेक करून त्यांना सगळं उमगत गेलं: पोरानं खाली का पाहिलं, कुणाच्या शब्दावरून पाहिलं. अनारशांचा डबा तसाच परत गेला.

राजकुमारनं पुन्हा खेळून बघितलं. लहान क्लब, मग त्याहून लहान क्लब. गुडघा साथ देईना. शेवटी तो आम्हा दोघांना पिशवीत घालून भिलाईला परतला, कोचिंगचा कोर्स केला आणि ज्या मैदानावर वाढला तिथेच शिट्टी गळ्यात घालून उभा राहिला. माझ्या भावाला स्मृति नगरच्या घराच्या अंगणातून एका कुत्र्यानं पळवलं. त्याच्या नशिबात निदान कुणाची तरी हौस भागवणं होतं. माझी रवानगी चुन्याच्या पोत्यावर झाली.

खेळणं सुटलेली माणसं दोन प्रकारची असतात. एक भूपेंद्र सर, शेजारच्या मैदानाचे कोच, पूर्वीचे गोलकीपर. चहाच्या टपरीवर त्यांनी अडवलेल्या पेनल्टी दर पावसाळ्यात वाढतात. दुसरा आमचा राजकुमार. पोरं विचारतात, “सर, आप सच में कोलकाता में खेले हो?” तो म्हणतो, “थोडा-बहुत. चलो, राउंड मारो.” मला तर ओरडावंसं वाटतं, अरे, मला विचारा! पण मला विचारतं कोण? मला चुन्यात बुडवतात.

मुलांना तो तेच शिकवायचा जे वडिलांनी त्याला शिकवलं. फक्त तो शब्द टाळून. “सिर उठाओ! पहले देखो!” असं हिंदीत. ‘पाय’ मात्र त्याच्या तोंडून मैदानावर कधीच यायचा नाही. नत्थू एव्हाना निवृत्त झाले होते. रोज संध्याकाळी यायचे, रेषेजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि ओठ घट्ट मिटून खेळ बघायचे. एका शब्दानं आपण पोराचं करिअर मोडलं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. राजकुमारला ते ठाऊक होतं. पण बाप-लेकांत काही गोष्टी बोलल्याच जात नाहीत. चहा घेतला का, औषध घेतलं का, एवढ्यावर दिवस निघून जातात. दोघांमध्ये मी पडलेला असायचो, तोंड उघडं टाकून, आणि मलाच बोलता येत नव्हतं.

मग उन्नती खेळायला लागली. राजकुमारची मुलगी. डाव्या पायाची, बापासारखीच. नत्थूंचा तिच्यावर इतका जीव, की ती सरावाला मैदानात उतरली की त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट आवळले जायचे. तिला धक्का लागला की ते अर्धे उठायचे. आवाज मात्र नाही. तिच्या मॅचला ते येतच नसत. घरी बसून राहायचे.

गेल्या थंडीत जवळच्या कुम्हारी गावच्या मुलींशी सामना होता. राज्याच्या संघासाठी मुली निवडणारी माणसं बघायला येणार होती. सकाळी राजकुमार म्हणाला, “बाबा, आज तरी चला. पोट्टी सांगून राहिली.”

“मी येऊन काय करतो?”

“बसा फक्त.”

ते आले. मध्यंतरात पुसट झालेली रेषा पुन्हा आखली गेली आणि मला अर्धा चुना भरलेला तसाच त्यांच्या खुर्चीपाशी टाकून पोरं पळाली. म्हणून मी हे सारं अगदी जवळून पाहिलं.

उन्नतीकडे बॉल उंच येत होता. पाठीमागून कुम्हारीची एक दणकट मुलगी सुसाट निघाली होती. माझ्या शिवणी आवळल्या. तेच सगळं पुन्हा होत होतं: तोच कोन, तीच धाव, तोच डावा पाय. राजकुमार मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होता. त्याची शिट्टी तोंडातच राहिली.

आणि माझ्या डोक्यावरून आवाज फुटला. गंजलेला, चिरका, “पाय! बेटी, पाय!”

नत्थूंनी लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबलं. डोळे मिटून घेतले. त्या बिचाऱ्यांनी पुढचं पाहिलंच नाही, म्हणून मी सांगतो. उन्नतीनं मान वर केली. खांद्यावरून मागे पाहिलं, अंग चोरलं, एका स्पर्शात बॉल उजवीकडे मोकळ्या मुलीला दिला. कुम्हारीची मुलगी रिकाम्या जागेतून घसरत थेट रेषेपर्यंत आली आणि चुना अंगाला फासून उठली. गोल काही झाला नाही, गोलकीपरनं बॉल धरला. पण निवडणाऱ्यांपैकी एकानं शेजारच्याला कोपर मारून उन्नतीकडे बोट दाखवलं.

सामना संपल्यावर ती पाणी प्यायला धावत आली. आजोबांचे हात अजून तोंडावरच होते; ते त्यांनी हळूच खाली घेतले.

“पोरी, मी ओरडलो, तं तू खाली नाई पायलं?”

“खाली क्यों, आबाजी? तुमीच तं बोलले पाय. म्हंजे देखो ना?”

“पायाले बी पायच म्हंतेत ना, बेटी.”

उन्नतीला हसू आलं. “पाय? पैर को तो पैर बोलते हैं, आबाजी!”

तिचं सगळं जग हिंदीत. मराठी फक्त घरात, आजी-आजोबांपुरतं. त्या मोजक्या शब्दांत ‘पाय’ला एकच अर्थ उरला होता: बघ. आपली भाषा नातीपर्यंत अर्धीच पोहोचली, म्हणून तुळसाबाई नेहमी हळहळतात. त्या दिवशी त्या अर्ध्यानंच तिचा गुडघा वाचवला.

राजकुमार मागे येऊन उभा होता. लंगडत आला होता, धावायचा प्रयत्न केला असणार. तो वडिलांसमोर गवतावर बसला.

“बाबा, तुमीन तवाबी बरोबरच आवाज देल्ला होता. चुकी माझी झाली. मीच खाली पायलं.”

“माया शब्दानं तुवा गुडघा गेला, राजकुमार.”

“तुमच्या शब्दानं मी कोलकात्याले गेलो होतो, बाबा. गुडघा तं नंतर गेला.”

नत्थू रडले. मोठ्या माणसांनी रडू नये म्हणतात, पण मला ते रडणं पावसानंतरच्या मैदानासारखं बरं वाटलं. उन्नती गोंधळून दोघांकडे बघत राहिली. मग राजकुमार उठला आणि मुलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “उद्यापासून बसू नका नुसतं. ग्राउंड मुकं पडलं आहे.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या मैदानावर तो शब्द घुमतो. तेलुगू, बंगाली, छत्तीसगडी घरांतली पोरंसुद्धा आता एकमेकांना ओरडतात, “पाय! पाय!” आणि सगळ्यांच्या माना वर होतात. भूपेंद्र सर विचारत होते, ही कुठली नवी टेक्निक?

माझं म्हणाल, तर चर्मकाराचे ते टाके केव्हाच उसवलेत. कुणी दया येऊन मला शिवायला निघालं, तर कृपा करून शिवू नका. तोंड मिटून बसण्यानं काय होतं, ते मी बघितलं आहे. आयुष्यभर मला वाटत आलं, की ‘पाय’ म्हणून हाक मारतात ती मलाच. आता कळलं, ती माझ्यासाठी कधीच नव्हती. तरी संध्याकाळी म्हाताऱ्याचा आवाज आला की चुन्याच्या पोत्यावरून मीही वर बघतो.