दवाखान्यात बसलेलं मंडळ

नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा सगळ्यात आधी जागेची टंचाई पडली. मंत्री झाले, सचिव झाले, पण बसायचं कुठे? साहेब लोक दोन महिने शहरभर इमारती पाहत फिरले आणि शेवटी त्यांना सापडली ती गरिबाचीच. गुढियारी वस्तीत आमचा चार खोल्यांचा सरकारी दवाखाना होता. तो रिकामा करून तिथं ‘निर्धन स्वास्थ्य अध्ययन मंडळ’ बसवलं. गरीब माणूस आजारी का पडतो, याचा अभ्यास करायला गरिबांचा दवाखाना बंद केला. ज्यानं हे ठरवलं त्याला हसूही आलं नसावं. आदेशाखालची सही चांगली ठसठशीत होती.

मी लहानू मेश्राम, त्या दवाखान्याचा शिपाई. वडील भंडाऱ्याहून इथं रेल्वेत आले, मी सरकारीत लागलो. इमारतीसोबत मलेही मंडळाच्या हवाली केलं. पंखे आणि कपाटांच्या यादीत शेवटचं नाव माझं होतं.

वनमाला सिस्टर त्या यादीत नव्हत्या. मूळच्या वर्ध्याच्या. एकोणीस वर्षं त्यांनी आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, बाळंतपणं केली होती. त्यांची बदली समता कॉलोनीतल्या एका सरकारी खोलीत झाली. त्या गल्लीत आधीच सात डॉक्टरांच्या पाट्या. तिथली माणसं साध्या सर्दीला स्पेशालिस्ट गाठणारी. सिस्टरकडे दिवसाला तीन पेशंट यायचे, त्यातल्या दोघी कॉलोनीतल्या कामवाल्या.

मंडळाचे अध्यक्ष होते शालिग्रामजी. निवडणुकीत लोकांनी त्यांना घरी बसवलं होतं, सरकारनं गाडी आणि फोन देऊन पुन्हा उठवलं. बाळंतपणाची खोली सगळ्यात थंड, म्हणून ती त्यांनी स्वतःला घेतली आणि वर एसी लावला. बाळंतपणाचं लोखंडी टेबल व्हरांड्यात निघालं.

एप्रिलात सर्वे सुरू झाला. कॉलेजातले दोन पोट्टे फॉर्म घेऊन घरोघरी निघाले, रस्ता दाखवायला मी. कलावतीच्या दारात थांबलो. ही बाई मालधक्क्यावर झाडू मारते, नवरा मेला, पोरगा तिथंच हमाल.

“निकटतम स्वास्थ्य केंद्र कितनी दूर है?” पोट्ट्यानं विचारलं.

“होता ना इथंच, पन्नास पावलांवर,” कलावती म्हणाली. “आता तिथं तुमीच बसले.”

पोट्ट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यानं लिहिलं, ‘उत्तर अस्पष्ट’. असे चारशे फॉर्म भरले. त्यांचे गठ्ठे कुठे ठेवायचे म्हणून व्हरांड्यातल्या लोखंडी टेबलावर रचले.

मे महिन्यात दिल्लीहून पाहुणे आले. दुपारची मीटिंग, आत सरबत फिरत होतं. तेवढ्यात फाटकातून हातठेला आत आला. ठेल्यावर कलावतीची सून रीना, ओढणारा तिचा नवरा, मागून ढकलणारी कलावती. मोठा दवाखाना रेल्वेच्या पलीकडे. दोन रिक्षावाले रीनाची हालत पाहून पळून गेले होते.

“लहानू, दार उघड!”

“अवं बाई, इथं आता कोणी नाही,” मी म्हणालो.

“मग हे आत एवढे बसले ते कोण?”

मी आत गेलो, शालिग्रामजींच्या कानाशी लागलो. “साहब, गाडी दे दीजिए. डिलिव्हरी का केस है.”

“गाडी मेहमानों के लिए है,” ते हळूच म्हणाले. “इनको बाहर करो. क्या सोचेंगे ये लोग?”

पाहुण्यांच्या समोरच्या पडद्यावर तेव्हा गरोदर बायांचे आकडे चालू होते.

माझ्या आयुष्यात मी एकच काम असं केलं ज्याची मले लाज वाटत नाही. बाजूच्या खोलीत जाऊन ऑफिसच्या फोनवरून समता कॉलोनीत सिस्टरला सांगितलं. “निघालीच,” एवढंच त्या बोलल्या.

वीस मिनिटांत रिक्षा आली. सिस्टरनं रीनाच्या पोटावर हात ठेवला आणि सरळ अध्यक्षांच्या खोलीचं दार ढकललं.

“उठा. ही खोली लागते मले.”

“मैडम, मीटिंग चल रही है,” शालिग्रामजी म्हणाले.

“चालू द्या. बाहेर. झाडाखाली.”

त्या सुरात काय होतं कोण जाणे, पण दिल्लीवाले पहिले उठले. सिस्टरनं मले टेबल आत आणायला लावलं. गठ्ठे पाहून विचारलं, “हे काय आहे?”

“सर्वे.”

“टाक खाली.”

मी टाकले. सिस्टरनं टेबल धुतलं, आपली पेटी उघडली आणि दार लावून घेतलं. तासाभरात रीनाला मुलगी झाली. कलावती दारातच बसून रडली, मग उठून फॉर्मांवरून चालत पाणी तापवायला गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. शालिग्रामजींच्या हातात बाळ, खाली मथळा: ‘अध्यक्षांच्या तत्परतेने वाचले दोन जीव’. सिस्टरचं नाव बातमीत नव्हतं. ते चार दिवसांनी आलं, कारणे दाखवा नोटिशीवर: परवानगीशिवाय कामाची जागा सोडली, शासकीय बैठकीत अडथळा आणला.

सिस्टरनं उत्तर दिलं की मंडळाच्या ऑफिसातून फोन आला होता. मग शालिग्रामजींनी मले बोलावलं. समोर टाइप केलेला कागद.

“लहानू, तुम तो परमानेंट हो ना? फोन किसने किया था?”

मी कागद वाचला. कागदावर लिहिलं होतं की त्या दिवशी ऑफिसातून कोणीही फोन केला नाही.

“आदमी समझदार हो तो लंबा चलता है,” ते म्हणाले आणि पेन पुढे केलं.

माझ्या राकेशचं दहावीचं वर्ष होतं, बायको आजारी होती. ही कारणं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच की मी भ्यालो आणि सही केली. माझी सही चांगली ठसठशीत येते.

सिस्टरची बदली शहराबाहेर अभनपूरला झाली, एक वेतनवाढ बंद. मंडळाचा अहवाल निघाला, गुळगुळीत कागदावर. त्यात होतं की गुढियारीतले लोक सरकारी आरोग्यसेवेचा लाभ घेण्याबाबत उदासीन आहेत.

पुढे निवडणूक लागली. शालिग्रामजींना तिकीट मिळालं ते त्या फोटोवरच. तोच फोटो प्रत्येक भिंतीवर. आमच्या पाऱ्यातल्या सभेत कलावती नात कडेवर घेऊन उभी झाली. “हे पोट्टी ज्या बाईनं काढली, तिले परत आणा. दवाखाना परत करा. मंग मत मागा.”

टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी शालिग्रामजींनीच वाजवल्या. “हव दाई, पहला दस्तखत उसी आदेश पर होगा!” इकडे आईला दाई म्हणतात.

ते निवडून आले. आमच्या पाऱ्यानंही मत दिलं, मीसुद्धा, कारण समोरचा उमेदवार तर सभेलाही आला नव्हता. मंडळ मोठ्या इमारतीत गेलं आणि दवाखान्याची इमारत दुसऱ्या एका मंडळाला दिली. यादीत माझं नाव पुन्हा शेवटचं.

माझ्या सहीची गोष्ट कलावतीला कुठून तरी कळली. तिनं रस्त्यात अडवलं. “पहिले मले वाटलं, तूच एक माणूस होता तिथं. जा, तिले तोंड दाखवून ये.”

एका सोमवारी मी अभनपूरला गेलो. बाजारामागे सिस्टरची खोली, बाहेर बायांची ही मोठी लाइन. मी लाइनीतच उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा त्या एका पोराचं वजन लिहीत होत्या.

“सिस्टर, तो कागद... सही मी केली होती.”

“माहीत आहे,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “नकल मले तेव्हाच भेटली होती.”

“मग तुम्ही काही बोलल्या काहून नाही?”

“कोणाले बोलू? तुले?” त्यांनी पेन ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. “लहानू, तुले काही दुखून राहिलं काय?”

“नाही.”

“मग बाजूला हो. मागं बाया उभ्या आहेत.”

मी बाजूला झालो. त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.