गुडघ्याने बघायचं चाक

"आधी गुडघ्याने बघ चाक, मग माणसाला दे हाक."

आईचा हा सूर तिच्या कानात पाचव्या वर्षापासून बसला होता. आई याच दवाखान्यात आया होती. घरी आली की साध्या खुर्चीला चाकं आहेत असं समजून ती लेकीला पलंगावरून उचलून तीत बसवायची, आणि जात्यावर बसल्यासारखी हे गुणगुणायची. ब्रेक लागलेला दिसतो, पण दिसणं वेगळं नि धरणं वेगळं. म्हणून रोग्याला उठवण्याआधी खुर्चीला गुडघ्याने एक ढोसणी द्यायची. हलली, तर ब्रेक खोटा.

आता लेक तिथेच फिजिओथेरपी शिकत होती. आजी-माजी कामगारांच्या मुलांसाठी नव्याने दोन जागा ठेवल्या होत्या, त्यांतल्या एकीवर. विभागात तिला नावच उरलं नव्हतं. सगळे 'सवलत' म्हणायचे. सवलत आली का, सवलतीला सांगा पट्टे धुवायला. फळीवर सगळ्यांचे कप होते, तिचा नव्हता. मोठ्या मॅडमनी तर पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, की पाठीवर पोथ्या लादल्या म्हणून गाढवाचा पंडित होत नाही. वर्षभर तिने ओठ शिवून सोसलं. आपली आई कोण, हेही कुणाला कळू दिलं नाही.

आज शेवटची परीक्षा होती. कागदावर मॅडमची सही झाली तर नोकरी, नाहीतर जागा गेली. सवलतीला दुसरी संधी नव्हती.

रोगी होते शिंपीकाका, उजवं अंग लुळं पडलेले. पलंगाशी चाकांची खुर्ची मॅडमनी स्वतः लावली, ब्रेकही स्वतः ओढला. तिने काकांचे पाय जमिनीला नीट टेकवले, कमरेचा पट्टा धरला, आणि सवयीने खुर्चीला गुडघा लावला.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" मॅडमनी गुण कापायला पेन उचललं. "आयांच्या खोडी आयांपाशीच ठेव."

पण खुर्ची वीतभर मागे सरकली होती.

शिंपीकाका वाकड्या ओठांनी म्हणाले, "बाई, चूक कापणाऱ्याची दिसतेय, कापडाची नव्हे."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. लेकीने कोपऱ्यातली दुसरी खुर्ची आणली, तिला गुडघा लावला, काकांना हाक दिली आणि फूल टोपलीत ठेवावं तसं त्यांना बसवलं.

मग मॅडमनी दार लोटलं. खुर्ची जुनी आहे, त्याची बाहेर वाच्यता नको, असं हळूच म्हणत कागद पुढे ओढला आणि सही करायला घेतली. करता करता सहज विचारलं, हे गुडघ्याचं तुला शिकवलं कुणी?

सही निम्मीच झाली होती. ती गप्प राहिली असती, तर पुरी झाली असती.

"माझ्या आईने," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांपूर्वी याच खोलीत एक आजी खुर्चीतून पडल्या. तुम्ही तेव्हा नव्या होतात. आई म्हणाली होती, ताई, एकदा गुडघा लावून बघा. तुम्ही हसलात. ब्रेक तुम्ही लावला होता, मॅडम. कामावरून काढलं माझ्या आईला."