वीतभर जागा

मी फ्लेक्स बोलतोय. हो, तोच, चौकाचौकात बांधतात तो. कधी वाढदिवसाचा, कधी निवडून आल्याचा, कधी श्रद्धांजलीचा. फ्लेक्सला लाज नसते असं लोक म्हणतात आणि माझ्या बहुतेक भावंडांच्या बाबतीत ते खरंच आहे. मी मात्र शरमेनं अर्धा झालोय. कारण सांगतो.

माझा जन्म मलकापूरचा. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटं दुकान आहे. तिथे गोपाल नावाचा माणूस संगणकावर बसतो आणि यंत्रातून आम्ही ओले ओले बाहेर पडतो. मी वीस फूट लांब, दहा फूट उंच. ‘पूर्णाकाठ साहित्य मेळावा’ हे माझ्या कपाळावर. त्याखाली मोठ्या पाहुण्यांचे फोटो, आश्रयदात्यांचे त्याहून मोठे, आणि तळाशी तालुक्यातालुक्यांतून आलेल्या अकरा लिहिणाऱ्यांची नावं. एरवी वाढदिवस छापणाऱ्या दुकानात आपल्या वाट्याला लेखक आले, म्हणून मी संगणकात असतानाच फुशारलो होतो.

त्या अकरात शेवटचं नाव होतं मंजुळाबाईंचं. वरवट बकालच्या, साठी उलटलेल्या, वांगी-मिरची पिकवणाऱ्या. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, पण शेतात तण निंदताना गाणी रचतात. सून प्राची ती वहीत उतरवून घेते. मेळाव्याचे कर्तेधर्ते रामराव हे निवृत्त मास्तर. त्यांनीच ती वही वाचनालयातर्फे छापली आणि घरी जाऊन बाईंना सांगून आले, की तुमचं नाव मोठ्या फ्लेक्सवर येणार. हे सगळं ते गोपालला कौतुकानं सांगत होते, तेव्हा मी पडद्यावरून ऐकत होतो.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भगवानराव बोलत होते, कापसाच्या जिनिंगचे मालक. मंडप त्यांचा, जेवण त्यांचं. माणूस वाईट नाही. धाकट्या भावाचा, राजकुमारचाही फोटो येऊ द्या, त्याला बरं वाटेल, एवढंच ते म्हणाले. गोपालनं तो फोटो इकडे सरकवला, तिकडे सरकवला. जागाच नव्हती. फोटो लहान केले तर आश्रयदाते रुसणार, अक्षरं लहान केली तर लेखक. खालची एक ओळ काढावी लागेल, असं तो म्हणाला.

रामराव पडद्याशी वाकले. एकेका नावावर बोट ठेवत गेले. हा पेपरात पत्र लिहील, तो गावभर सांगत फिरेल, ही पुढच्या वर्षी येणारच नाही. मग बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

“मंजुळाबाईचं काढ,” ते म्हणाले. “बाईले कुठी वाचता येते.”

गोपालनं मान वर करून पाहिलं, पण रामराव तोवर दाराबाहेर रस्ता पाहायला लागले होते. एक कळ दाबली आणि ती ओळ गेली. तिच्या जागी राजकुमार नावासकट हसत उभे राहिले. माझ्यावर एवढी तोंडं, पण त्यातल्या एकालाही बोलता आलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी मला मंडपाच्या दाराशी बांधलं. माणसांची एक गंमत तिथे दिसते. जो येतो तो आधी माझ्यावर स्वतःला शोधतो. सापडला की माझ्यासोबत फोटो काढतो आणि मग विचारतो, उद्‌घाटन झालं का. लेखक तसेच, आश्रयदातेही तसेच. राजकुमार तेवढे आलेच नाहीत. सुरतला गेले होते म्हणे.

दहाच्या सुमारास मंजुळाबाई आल्या. दोन एसट्या बदलून, नवं पातळ नेसून, प्राचीचा हात धरून. दारातच थांबल्या.

“कुठी हाय माह्यं नाव?”

प्राचीनं मला वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा चेहरा उतरत गेला. मग वाकून तिनं राजकुमारच्या नावावर बोट ठेवलं.

“हे पाहा ना आई. मंजुळाबाई, वरवट बकाल.”

मंजुळाबाई पुढे आल्या. डोळे बारीक करून त्यांनी त्या अक्षरांवरून सावकाश हात फिरवला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. “हो का,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, तिथल्या तिथे फाटून जावं. पण दोऱ्या पक्क्या होत्या.

सत्कार लांबत गेले. बाईंचा नंबर जेवणाच्या तोंडावर लागला, तेव्हा निम्मा मंडप हात धुवायला निघाला होता. वखरामागे चालणाऱ्या बगळ्यांचं गाणं त्यांनी म्हटलं. भगवानराव पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसून होते आणि डोळे पुसत होते, हेही सांगायला हवं. त्यांना कोणी विचारलं असतं, तर भावाचा फोटो त्यांनी हसत मागे घेतला असता. कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी मंजुळाबाईंनी रामरावांकडे मला मागितलं. मास्तरांनी इतक्या घाईनं हो म्हटलं, की दोऱ्या स्वतःच सोडल्या. गाठी सुटेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी वरवट बकालच्या खळ्यात बाईंनी मला उलगडलं आणि कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगावर पसरलं. पालथं. सगळे चेहरे कुटारात गेले, कोरी पांढरी पाठ वर आली. प्राची धावत आली.

“आई, उलटा काऊन टाकला? तुमचं नाव खाली गेलं ना.”

बाई माझ्या कडेवर दगड ठेवत होत्या. तो नीट बसवून मग त्या बोलल्या.

“माह्यं नाव मले वाचता येते, प्राची. गुरुजी म्हनले, फ्लेक्सवर नाव येईन. म्हनून बचत गटातल्या बेबीताईपासून शिकली मी. तुले सांगतलं नाई. मले आपल्या डोयानं वाचाचं होतं.”

सव्वा महिना लागला होता त्या अक्षरांना. एवढीच अक्षरं त्यांना येतात, दुसरी येत नाहीत.

प्राची त्यांच्याशेजारी खाली बसली. तुमचा हिरमोड होऊ नये म्हणून खोटं बोलले, असं काहीतरी ती रडत सांगत होती. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“मंग हा घरी कायले आनला?” प्राचीनं विचारलं.

“तथी राह्यला असता तं कोनीतरी गुरुजीले विचारलं असतं, बाईचं नाव कुठी हाय. वही त्याइनंच छापली ना.”

प्राची उठली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग घरात होता. तो आणते आणि याच्या पाठीवर तुमचं नाव मोठ्ठं लिहिते, म्हणाली. मी पाठ ताणून तयार राहिलो.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “कुटार झाकाले नाव कायले लागते.”

तेव्हापासून मी इथे आहे. उन्हानं पाठ तडकायला लागली आहे. रोज सकाळी म्हशीसाठी कुटार काढताना त्या माझा कोपरा उचलतात, खालचे चेहरे दिसतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या मात्र माझ्यावर कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा मेळावा होईल, माझा एखादा धाकटा भाऊ पडद्यावर येईल. छापणाऱ्यांनो, तेव्हा कोणाला वाचता येतं आणि कोणाला नाही, हे पाहून नावं खोडू नका. वीस फूट लांब होतो मी. त्या नावाला एक वीत पुरली असती.