आधी जेवण, मग सुई

"मी जेवलो नं आत्ताच," कृष्णराव म्हणाले आणि त्यांनी ताट दूर सरकवलं.

ते जेवलेले नव्हते. वच्छलाबाईंनी त्यांच्या पोटात इन्सुलिनची सुई टोचली, त्याला अर्धा तास होत आला होता. वरणभात, भेंडीची भाजी, सगळं समोर होतं. इन्सुलिन आत गेलं होतं आणि अन्न बाहेरच होतं. आता साखर उतरत जाणार आणि ती उतरली की काय होतं, हे वच्छलाबाईंनी एकदा पाहिलं होतं.

"नाही जेवले तुमी. चार घास घ्या जी."

"तू कोन आहे मले सांगनारी?"

कृष्णरावांचा सगळा जन्म भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलच्या धगीत गेला. साखरेचं दुखणं तेव्हापासूनचं. ड्यूटीवर जाण्याआधी स्वतःच सुई घेऊन जेवायला बसत, कधी चुकले नाहीत. निवृत्त झाल्यावर जवळच कुरुदला घर बांधलं आणि घराचा रंग जुना व्हायच्या आतच ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग माणसं. सुई वच्छलाबाईंच्या हातात आली.

त्या इन्सुलिनची रीत अशी, की आधी टोचायचं, मग अर्धा तास थांबून जेवायचं. तेवढ्या वेळात कृष्णरावांचं मन कुठे जाईल याचा नेम नसे. कधी मुकाट जेवत, कधी तोंडच उघडत नसत. रोज दोन्ही जेवणांना वच्छलाबाई जुगार खेळत होत्या आणि डावावर नवरा होता.

आज कृष्णरावांच्या कपाळावर घाम फुटला. बोटं थरथरू लागली. वच्छलाबाईंनी घाईनं साखरेचं पाणी आणलं. कृष्णरावांनी दात आवळले, पेला कलंडला, पाणी बनियनवर सांडलं.

"तोंड उघडा नं. कावून असं करून राहिले? मराचं आहे का तुमाले?"

लग्न झाल्यापासून ज्या माणसाला त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती, त्याच्या गालावर त्यांचा हात पडला. कृष्णरावांनी भेदरून तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात त्यांनी चिमूटभर साखर कोंबली. ती विरघळायच्या आतच कृष्णरावांची मान कलली.

शेजारच्या मैनाबाईनं ऑटो थांबवला. भिलाईतल्या सुपेल्याच्या दवाखान्यापर्यंत वच्छलाबाई त्यांच्या गालाच्या आतून साखर चोळत राहिल्या.

सलाईनमधून साखर गेली तसे कृष्णराव हळूहळू शुद्धीवर आले. डॉक्टर तरुण होता. त्यानं पेशंटचा गाल निरखून पाहिला.

"गिर गए थे क्या?"

"नहीं. मैंने मारा."

डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसला.

"क्यों मारा, दीदी?"

"सुई दे चुकी थी. खा नहीं रहे थे."

मग त्यानं नीट समजावून सांगितलं. तुम्ही देता ते जुनं इन्सुलिन सावकाश चढतं आणि पुढे कितीतरी तास रेंगाळतं, म्हणून ते जेवणाच्या आधी द्यावं लागतं. दुसरं एक आहे, ते काही मिनिटांत लागू होतं. ताट समोर आल्यावर दिलं तरी चालतं. तिसरं त्याहूनही चपळ. ते जेवण झाल्या झाल्या देता येतं. किती खाल्लं ते डोळ्यांनी पाहायचं, त्याप्रमाणे मी लिहून देतो तेवढं द्यायचं. काहीच खाल्लं नाही तर जेवणाची सुई द्यायचीच नाही. फक्त सोबत एक सकाळची, दिवसभर पुरणारी सुई असते, ती चुकवायची नाही.

"शुगर इससे भी गिर सकती है," तो म्हणाला. "लेकिन इसमें पहले खाना, फिर सुई. आपको लड़ना नहीं पड़ेगा."

"इससे ये ठीक हो जाएँगे?"

"शुगर सँभल जाएगी," डॉक्टर म्हणाला आणि कागदावर लिहू लागला.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाईंनी ताट वाढलं. सुई दिलेली नव्हती. घड्याळाकडे बघायचं नव्हतं. कृष्णराव ताटाकडे नुसते पाहत राहिले. नेहमीसारखी भीती वाटेना तेव्हा वच्छलाबाईंना कळलं, आपण किती थकलोय. उभं राहवेना. त्यांनी स्वतःचंही ताट वाढून घेतलं आणि समोर बसल्या. कित्येक महिन्यांत त्या अशा जेवायला बसल्या नव्हत्या. ते जेवेपर्यंत डोक्याशी उभ्या असायच्या.

"घ्या बाई," कृष्णराव म्हणाले. "लाजू नका."

"तुमी घ्या नं आधी."

"पाहुन्याच्या आधी कसा जेवू? आमच्या इकडं असं नाही करत."

वच्छलाबाईंचा हात ताटातच थांबला. म्हणजे इतके दिवस एक परकी बाई ह्यांच्या डोक्याशी उभी राहून खा, खा म्हणत होती. त्यांनी घास उचलला. कृष्णराव वाट पाहत होते, म्हणून तो खाल्ला. मग कृष्णरावांनी भात कालवला आणि जेवायला लागले.

सगळं जेवले. मध्येच वाटी पुढे करून म्हणाले, "वरन घ्या अजून. कमी घेतलं तुमी."

हात धुतल्यावर वच्छलाबाईंनी इन्सुलिनचं पेन आणलं. "जेवनावरची दवा आहे," त्या म्हणाल्या. कृष्णरावांनी अवघडून भिंतीकडे तोंड वळवलं आणि बनियन वर केलं. सुई टोचली तरी हूं की चूं केलं नाही.

"तरास झाला तुमाले," ते म्हणाले. "आता जा बाई. घरचे वाट पाहून राहिले असतीन."

"हो. जातो."

वच्छलाबाई दोन्ही ताटं उचलून स्वयंपाकघरात गेल्या. बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कृष्णराव दारापर्यंत गेले, पाहुणी वळणापार जाईस्तोवर थांबावं तसे गल्लीकडे पाहत उभे राहिले आणि मग त्यांनी दार लोटून आतून कडी घातली.