पुढच्या चाकांवर सौंसरला

तिगावहून निघतानाच भगवंतराव दोनदा घरात परत गेले. आधी चष्म्यासाठी, मग विहिरीवरची मोटर बंद केली की नाही ते पाहायला. दामिनी जीप सुरू करून बसली होती. सासऱ्यांचं हे आज काय चाललं आहे ते तिला कळत होतं, म्हणून तिने हॉर्न वाजवला नाही.

सौंसरला त्यांचे थोरले भाऊ यशवंतराव राहत. ते आज दुपारी घर बंद करून कायमचे पुण्याला, मुलाकडे निघाले होते. दोघा भावांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांनी लावलेला संत्र्याचा बगीचा यशवंतरावांनी एका हिवाळ्यात तोडून टाकला आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे कापूस पेरला. भगवंतराव तेव्हा बैतुलला नोकरीत होते. त्यांना विचारलं नाही, कळवलंही नाही. ते सुटीत आले तर ओळीने खुंट उभे. त्या दिवसापासून ते भावाच्या दारात गेले नव्हते. लग्नकार्यात समोर आले तरी मान फिरवायचे. काल रात्री जेवताना मात्र स्वतःच म्हणाले, "उद्या सौंसरले नेतं का मले?" दामिनीने लगेच हो म्हटलं. नवरा तुषार नागपुरात नोकरीला, त्यामुळे शेत, जीप आणि सासरे, तिन्ही तिच्याच हातात होते.

पांढुर्णा मागे पडलं आणि पुढे पुलाच्या कामासाठी रस्ता बंद. बाजूने कच्च्या रस्त्याचं वळण काढून दिलं होतं. धूळ, गिट्टी, मध्येच नाल्याचे खड्डे. अशाच एका खड्ड्यातून वर येताना जीपखालून काडकन आवाज झाला. मग पत्र्यावर कोणी घण घालावा तसे तीन-चार दणके. दामिनीने ब्रेक दाबला.

खाली वाकून पाहिलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी शाफ्ट एका टोकाने सुटून जमिनीला टेकला होता. शाफ्ट धरून ठेवणारा जोडावरचा क्रॉस तुटला होता.

"झालं," भगवंतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात तिला सुटकेसारखं काहीतरी ऐकू आलं. "आता काय जाणं होते! चाल, फटफटीवाला कोणी भेटला तं वापस जाऊ. माह्या मनातच नव्हतं."

"तुमच्या मनात नव्हतं तं काल कोण म्हणलं, मामाजी?"

"म्हणलं होतं. पण आता गाडीच नाई म्हणते."

तिने तुषारला फोन लावला. तो म्हणाला, "तू काही करू नको. मी पांढुर्ण्यातून मिस्त्री पाठवतो. संध्याकाळपर्यंत येईल."

"संध्याकाळी काय करू त्याले? मोठे मामाजी दुपारी निघून राहिले."

"मग फोनवर बोलून घ्या म्हणा बाबांना."

"तूच सांग त्याहिले," असं म्हणून तिने फोन सासऱ्यांपुढे धरला. ते दुसरीकडे पाहू लागले. तिने फोन बंद केला.

ही जीप चारही चाकांना ताकद देणारी होती. पुढच्या चाकांसाठी वेगळा शाफ्ट होता आणि तो धड होता. गेल्या पावसाळ्यात चिखलातून शेतमालाचे कॅरेट काढताना तिने चारही चाकं लावून गाडी काढली होती. मागचा शाफ्ट पुरता काढून टाकला आणि पुढची चाकं जोडली, तर गाडी पुढच्यांवरच चालायला हवी. चालेलच अशी खात्री नव्हती, पण संध्याकाळपर्यंत तिथे बसायची तिची तयारीही नव्हती.

आधी तिने चाकांना मोठे दगड लावले, कारण शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये असली तरी थांबणार नाही. मग पाने घेऊन ती जीपखाली शिरली. पाठीला गिट्टी टोचत होती. पहिले नट सुटले. पुढचा गंजून बसला होता. पाना घसरला आणि तिच्या बोटांची सालं निघाली. तिने मोठ्याने शिवी दिली. सासरे वर उभे आहेत हे नंतर आठवलं.

"उलटा फिरवून राहिली असशील," भगवंतराव वरून म्हणाले.

"सुलटाच फिरवून राहिली."

"तेल टाक त्याच्यावर."

"तेल असतं तं टाकलं नसतं का मी?"

"हळू बोल. मी काही म्हणलं का?"

नट सुटला. शाफ्ट धडकन खाली आला आणि तिच्या खांद्याला चाटून गेला. तो ओढून तिने जीपमध्ये मागे टाकला. पुढच्या चाकांच्या मधोमध असलेल्या, चाकं शाफ्टला जोडणाऱ्या चकत्या फिरवून घट्ट केल्या. एक फिरली, दुसरीला हातोडी मारावी लागली. आत बसून पुढची चाकं जोडणारा छोटा दांडा ओढला, तर तो जागचा हलेना. क्लच दाबून, सोडून, पुन्हा दाबून तिने दोन्ही हातांनी तो ओढला. शेवटी 'खट' झालं. दगड काढले, गिअर टाकला आणि जीप पुढे सरकली.

स्टिअरिंग जड झालं होतं, वळणावर हातातून निसटायला पाहत होतं. पुढून सारखी घरघर येत होती. तरी गाडी चालत होती. दामिनीला हसू आलं.

"घासल्यावाणी आवाज येऊन राहिला," भगवंतराव म्हणाले.

तिचं हसू गेलं.

बरडीचा चढ आला तेव्हा तर सगळंच थांबलं. चढ लांब नव्हता, पण उभा होता आणि त्यावर सुटी गिट्टी. निम्म्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. दगड उडाले, रबराचा वास आला, जीप मागे घसरली. ती खाली आली, वेग घेऊन पुन्हा गेली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तर त्याच्याही अलीकडे. बाजूने एक कापसाचा ट्रॅक्टर वर चढून गेला. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलं, पण थांबला नाही.

दामिनीने स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या. "का म्हणून मी हे करून राहिली? तुमचा भाऊ, तुमचं भांडण. मी त्या बगिच्यातलं एक संत्रंसुद्धा खाल्लं नाई!"

तिला रडू येत होतं आणि सासऱ्यांपुढे रडायचं नव्हतं, म्हणून ती खाली उतरून चढाकडे पाहत उभी राहिली. चढताना सगळा भार मागे जातो. मागच्या चाकांत तर आता जीवच नाही, आणि पुढची हलकी होऊन नुसती फिरतात. गाडी उलटी घेतली तर? तोंड खाली, पाठ वर. मग भार पुढच्या चाकांवर पडेल.

ती परत आली. "मामाजी, मी रिव्हर्समधी चढवतो. पण या ताडपत्रीतून मले मागचं काही दिसत नाई, अन् एका बाजूले खड्डा आहे. तुम्ही मागं उभं राहून दाखवलं तं जमन. नसन दाखवायचं तं तसं सांगा, मी गाडी पांढुर्ण्याकडं वळवतो. पण मंग पुन्हा मले सौंसरचं नाव सांगायचं नाई."

भगवंतराव बसून राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दार उघडून उतरले आणि चढाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी हातात घेतला.

दारातून मान बाहेर काढून, मागे पाहत दामिनी जीप मागे सरकवू लागली.

"उजव्या हातानं!" ते ओरडले.

"कोणाच्या उजव्या?"

"माह्या!"

"तुम्ही तं माह्याकडं तोंड करून उभे आहा!"

"मंग डाव्या! थांब, थांब! खड्डा! आता घे. घे न वो, थांबली काहून?"

"तुम्हीच थांब म्हणलं!"

चाकं एकदा घसरली, पण या वेळी धरली. गिट्टी कुरकुरली आणि जीप पाठमोरी, वाकडीतिकडी, वर चढू लागली. भगवंतराव दुपट्टा हलवत पावलं मागे टाकत होते. एकदा ठेचकाळून बसले, उठले आणि तसेच ओरडत राहिले. माथ्यावर पोचल्यावर ते दाराला धरून धापा टाकत उभे राहिले. धोतराला काटे चिकटले होते.

"आता सरळ करून लवकर चाल," ते म्हणाले. "तो थांबणार नाई कोणासाठी."

मोहगाव गेलं, सौंसर आलं. यशवंतरावांच्या दारात भाड्याची गाडी उभी होती, टपावर सामान बांधलेलं. घराला कुलूप लागलं होतं. यशवंतराव काठी टेकत गाडीत बसायच्या बेतात होते. जीपची घरघर ऐकून थांबले. धाकट्या भावाला उतरताना त्यांनी पाहिलं. काठीच्या आधाराने वाकून जीपखाली पाहिलं.

"मागचा शाफ्ट कुठी गेला?"

"काढला," भगवंतराव म्हणाले.

"काढून आला? पांढुर्ण्यावरून? कोणी काढला?"

"सूनबाईनं."

"अन् तू काय करून राहिला होता?"

"मी मागून दाखवलं. बरडीवर उलटी चढवली."

"अशानं पुढचं सगळं खराब होते."

"काही नाई होत."

"होते म्हणतो न मी. तुले कधी समजलं गाडीतलं?"

"तुले लय समजते!"

दामिनी काळ्या हातांनी बाजूला उभी होती. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून वाट पाहत होती. दोघं आवाज चढवून गिअर आणि चाकांवर वाद घालत होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. यशवंतरावांना न्यायला आलेल्या मुलाने गाडीतून हाक मारली. यशवंतराव कसेबसे आत बसले. भगवंतराव पायाशी वाकले, तर ते म्हणाले, "राहू दे, कंबर धरन."

दार लागलं. खिडकीतून यशवंतराव म्हणाले, "ते झाडं वाळलेच होते, भगवंता."

"विचारायचं तं होतं मले."

यशवंतरावांनी काही उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी हलली. ती वळणापलीकडे गेली तरी भगवंतराव तिथेच उभे होते.

"झालं?" दामिनीने विचारलं. "एवढं करून आलो, अन् अर्धा वेळ शाफ्टवर भांडले तुम्ही!"

"त्याले काय म्हणायचं होतं शेवटी? तुले ऐकू आलं का?"

"नाई."

ते कुलूप लावलेल्या दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नागपूरहून पुण्याले गाडी केव्हा असते, तुषारले विचारून पाह्य बरं."

दामिनीने त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा प्रवासाचं नाव ऐकून तिला रागच आला.

"आधी मले हात धुऊ द्या," ती म्हणाली आणि अंगणातल्या नळाकडे गेली. सोललेल्या बोटांना पाणी झोंबलं. वंगण निघत नव्हतं. ती घासत राहिली, आणि मागे भगवंतराव जीपखाली वाकून, भावाने कुठे पाहिलं होतं ते पाहत होते.